हार्पूनपासून दुर्बिणीपर्यंत : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील देवमासा-दर्शनाचा इतिहास आणि जलसफरीच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना :

पर्यटनाचा इतिहास लिहिताना राजे, यात्रेकरू, व्यापारी आणि प्रवासी यांच्या नोंदींचा आधार घेतला जातो. मात्र ज्या प्राण्याला पाहण्यासाठी माणूस प्रवास करतो, त्या प्राण्याशी त्या प्रदेशातील माणसाचे पूर्वीचे नाते कसे होते, याचा विचार अभावानेच होताना दिसतो. देवमासा-दर्शनाच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण आज ज्या किनाऱ्यांवरून देवमासे पाहण्यासाठी बोटी सुटतात, त्यांपैकी अनेक किनारे शे-दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या शिकारीची केंद्रे होती.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मॉन्टेरे या जुन्या बंदरात याचा एक बोलका पुरावा आजही पाहावयास मिळतो. तेथील ‘ओल्ड व्हेलिंग स्टेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीसमोरची पायवाट देवमाशांच्या मणक्यांचे तुकडे बसवून फरसबंद केलेली आहे. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावरील धक्क्यावरून आज पर्यटकांना देवमासे दाखविणाऱ्या बोटी निघतात. पायवाट आणि धक्का यांमधील अंतर अगदी थोडे आहे; ते पार करण्यास समाजाला मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली. या वाटचालीचा मागोवा घेणे आणि तिच्या प्रकाशात आजच्या पर्यटकासमोरील निवडीचा प्रश्न तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, हे सर्वश्रुत आहे. तथापि मराठीत रूढ असल्याने तोच शब्द येथे योजला आहे. लेखाची व्याप्ती कॅलिफोर्नियाचा किनारा आणि त्याला लागून दक्षिणेकडे असलेले मेक्सिकोचे बाजा कॅलिफोर्निया हे द्वीपकल्प एवढ्यापुरती मर्यादित असून, विवेचनाचा भर प्रामुख्याने ‘करडा देवमासा’ या एका जातीवर आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील देवमाशांच्या शिकारीचे स्वरूप समजून घेणे.
२) शिकारीकडून दर्शनाकडे झालेल्या स्थित्यंतराचे टप्पे व कारणे तपासणे.
३) देवमासा-दर्शनाची जलसफर निवडताना लागू पडणाऱ्या निकषांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.

करडा देवमासा आणि त्याचा मार्ग :

करडा देवमासा सुमारे १३ ते १५ मीटर लांबीचा असतो. उन्हाळ्यात तो बेरिंग व चुकची या उत्तरेकडील थंड समुद्रांत राहतो. तेथील उथळ तळावरचा गाळ तोंडात घेऊन त्यातील लहान जीव तो गाळून खातो आणि अंगात चरबीचा साठा करतो. हिवाळा जवळ आला की तो दक्षिणेकडे निघतो आणि बाजा कॅलिफोर्नियातील ओहो दे लिएब्रे, सान इग्नासिओ व माग्दालेना या उबदार, उथळ जलाशयांत पोहोचतो. तेथे माद्या पिल्लांना जन्म देतात. वसंत ऋतूत उत्तरेचा परतीचा प्रवास सुरू होतो. जाऊन-येऊन हा प्रवास सुमारे १६,००० ते २०,००० किलोमीटरचा भरतो. सस्तन प्राण्यांच्या सर्वांत लांब स्थलांतरांमध्ये त्याची गणना होते.

इतिहासाच्या दृष्टीने या प्रवासाची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे त्याचे वेळापत्रक. डिसेंबर व जानेवारीत दक्षिणेकडे जाणारे आणि फेब्रुवारी ते मे या काळात उत्तरेकडे परतणारे देवमासे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून जातात. पिल्लांसह परतणाऱ्या माद्या सर्वांत शेवटी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास दिसतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे हा प्राणी किनाऱ्याला धरून पोहतो. एखाद्या भूशिरावर उभे राहिले असता त्याचा फवारा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. ठरलेली वेळ आणि किनाऱ्याची जवळीक या दोन गोष्टींमुळेच करडा देवमासा शिकाऱ्याच्या हाती सहज लागला आणि याच दोन गोष्टींमुळे पुढे तो प्रेक्षकाच्याही दृष्टीस पडला. दोन्ही कालखंडांना जोडणारा हा दुवा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शिकारीचा कालखंड :

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिव्यांसाठी व यंत्रांच्या वंगणासाठी देवमाशाच्या तेलाला मोठी मागणी होती. १८४८ नंतरच्या सोन्याच्या शोधाने कॅलिफोर्नियात माणसांची व जहाजांची गर्दी झाली होती. सोन्याच्या मागे आलेल्या अनेकांना सोने मिळाले नाही. त्यांपैकी काही जण समुद्राकडे वळले. मेन राज्यातून १८५० मध्ये कॅलिफोर्नियात आलेला चार्ल्स मेलविल स्कॅमन हा जहाजाचा कप्तान त्यांपैकीच एक होय.

१८५७-५८ च्या हिवाळ्यात स्कॅमन ‘बोस्टन’ हे जहाज घेऊन ओहो दे लिएब्रेच्या खारकच्छात शिरला. या जलाशयाच्या तोंडाशी वाळूचे दांडे असल्याने मोठी जहाजे तोवर आत जात नव्हती. आत माद्या आणि पिल्ले मोठ्या संख्येने होती. पिल्लाच्या रक्षणासाठी मादी बोटींवर चाल करून येत असे. बोटी फुटत, माणसे जखमी होत. शिकाऱ्यांनी या प्राण्याला सैतानी माशाचे नाव दिले होते ते यामुळेच. स्कॅमनच्या माणसांनी यावर उपाय शोधला. पाठलाग करण्याऐवजी उथळ पाण्यात बोटी नांगरून ठेवावयाच्या आणि जवळून जाणाऱ्या देवमाशावर बंदुकीने स्फोटक भाला सोडावयाचा, अशी पद्धत त्यांनी अवलंबिली. ही युक्ती यशस्वी झाली आणि पुढील हंगामांत इतर जहाजेही तेथे येऊ लागली. काही वर्षांतच तेथील देवमाशांची संख्या इतकी घटली की शिकार परवडेनाशी झाली.

याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या मुख्य किनाऱ्यावर शिकारीची दुसरी पद्धत रूढ झाली. १८५४ मध्ये मॉन्टेरे येथे कप्तान डेव्हनपोर्ट याने किनाऱ्यावरून शिकार करण्यास प्रारंभ केला. त्यानंतर अझोर्स बेटांतून आलेल्या पोर्तुगीज खलाशांच्या टोळ्यांनी हा धंदा वाढविला. भूशिरावर एक टेहळ्या बसविलेला असे. त्याला फवारा दिसला की तो इशारा देई आणि खाली सज्ज असलेल्या लहान बोटी समुद्रात लोटल्या जात. मारलेला देवमासा ओढत किनाऱ्यावर आणून त्याची चरबी मोठमोठ्या काहिलींत कढविली जाई. मॉन्टेरेच्या दक्षिणेकडील पॉइंट लोबोस येथील ‘व्हेलर्स कोव्ह’ या लहानशा आखातात हा उद्योग चालत असे. आज तेथे राज्याचे संरक्षित क्षेत्र असून चिनी कोळ्यांनी बांधलेल्या एका जुन्या झोपडीत या इतिहासाचे छोटे संग्रहालय आहे.

स्कॅमनच्या चरित्रातील विरोधाभास येथे नोंदविण्यासारखा आहे. शिकार सोडून तो पुढे अमेरिकेच्या सरकारी सागरी सेवेत गेला आणि १८७४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांवरील त्याचा ग्रंथ सॅन फ्रान्सिस्को येथे प्रसिद्ध झाला. करड्या देवमाशाची शरीररचना, सवयी आणि स्थलांतर यांविषयीचे त्यातील वर्णन दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. १८५० च्या दशकाच्या मध्यास या देवमाशांची संख्या ३०,००० ते ४०,००० असावी आणि ग्रंथलेखनाच्या वेळी ती ८,००० ते १०,००० वर आली असावी, असा अंदाज त्याने नोंदविला. ही जात एक दिवस नामशेष होईल, अशी शंकाही त्याने व्यक्त केली. आधुनिक गणनेच्या कसोटीवर हे आकडे ढोबळच ठरतात. परंतु ज्याच्या हाताने विनाशाचा मार्ग खुला झाला त्याच्याच लेखणीने विनाशाची नोंद व्हावी, ही बाब ऐतिहासिकदृष्ट्या लक्षणीय आहे. त्या काळी देवमाशाचे सर्वाधिक ज्ञान शिकाऱ्याजवळच होते, असा त्याचा अर्थ होतो.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर यशस्वी झाल्यानंतर केरोसीनचा वापर वाढला व देवमाशाच्या तेलाची मागणी घटत गेली. शतकाच्या अखेरीस किनाऱ्यावरील बहुतेक केंद्रे बंद पडली होती. अर्थात ती बंद पडण्यामागे दयाबुद्धी नव्हती. देवमासे उरले नव्हते आणि तेलाला पूर्वीचा भाव राहिला नव्हता, हीच त्याची कारणे होत.

संरक्षण आणि गणना :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेची जहाजे, तोफेतून सुटणारे हार्पून आणि समुद्रातच प्रक्रिया करणारी कारखाना-जहाजे यांमुळे शिकार नव्या जोमाने सुरू झाली. उरलेसुरले करडे देवमासेही त्यातून सुटले नाहीत. १९३७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये या जातीला प्रथम संरक्षण मिळाले आणि १९४६ च्या देवमासे-शिकार नियमनविषयक करारानंतर ते पुढे चालू राहिले. उत्तरेकडील मूळनिवासी समाजांच्या उदरनिर्वाहाच्या शिकारीस मात्र अपवाद म्हणून मान्यता होती.

संरक्षणाचा परिणाम होतो आहे की नाही, हे कळण्यासाठी मोजणी आवश्यक होती. ला होया येथील स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेतील प्राध्यापक कार्ल हब्ज यांनी चाळीसच्या दशकात संस्थेच्या इमारतीच्या छतावरून विद्यार्थ्यांसह जाणारे देवमासे मोजण्यास आरंभ केला. भूशिरावरील टेहळ्या जे काम करीत असे तेच काम आता छतावरील विद्यार्थी करीत होता. दुर्बीण तीच, फवाराही तोच. फवारा दिसल्यावर पूर्वी बोट समुद्रात लोटली जाई, आता वहीत एक खूण केली जाऊ लागली. या दोन क्रियांमधील फरक हाच या संपूर्ण स्थित्यंतराचा गाभा आहे, असे म्हणता येईल.

दर्शनाचा प्रारंभ :

सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा या भूशिरावर काब्रियो राष्ट्रीय स्मारक आहे. १५४२ मध्ये या किनाऱ्यावर उतरलेल्या स्पेनच्या दर्यावर्द्याच्या स्मरणार्थ ते उभारलेले आहे. १९५० मध्ये तेथील लष्कराच्या एका जुन्या इमारतीचा उपयोग देवमासे पाहण्याची सार्वजनिक जागा म्हणून होऊ लागला आणि पहिल्याच वर्षी सुमारे १०,००० लोकांनी तिचा लाभ घेतला. संघटित देवमासा-दर्शनाचा हा प्रारंभ मानला जातो. हा प्रारंभ बोटीतून झाला नाही; तो जमिनीवरून, विनामोबदला आणि देवमाशाला कोणताही उपद्रव न होता झाला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९५५ मध्ये सॅन डिएगो येथील चक चेंबरलिन या मासेमाराने एक डॉलर आकारून लोकांना बोटीतून देवमासे दाखविण्यास सुरुवात केली. हिवाळ्यात मासेमारीसाठी येणारी गिऱ्हाइके कमी झाली की रिकाम्या बोटींना काम मिळावे, असा सरळ व्यावहारिक हिशेब अशा सफरींमागे असे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस सॅन डिएगोच्या निसर्गेतिहास संग्रहालयाशी संबंधित प्राणिशास्त्रज्ञ रेमंड गिलमोर हे अशा सफरींवर जाऊन लोकांना माहिती सांगू लागले. बोटीवरील निसर्गअभ्यासकाची परंपरा येथून दृढ झाली. एका बाजूला मासेमाराचे समुद्रज्ञान आणि दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञाचे प्राणिज्ञान यांचा हा संयोग होता. आजही चांगल्या जलसफरीत हे दोन्ही घटक एकत्र आढळतात.

एकाच समुद्रातील दोन धंदे :

शिकार संपली आणि मग दर्शन सुरू झाले, अशी सुबक मांडणी पुष्कळदा केली जाते. इतिहास मात्र तसे सांगत नाही. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील रिचमंड येथे देवमाशांवर प्रक्रिया करणारे केंद्र नव्याने सुरू झाले. तेथे प्रामुख्याने पशुखाद्य व तेल तयार होत असे. म्हणजे सॅन डिएगोत एक डॉलरची सफर सुरू झाल्यानंतर एकाच वर्षाने त्याच राज्यात शिकारीचा कारखाना उभा राहिला. एवढेच नव्हे तर १९५९ ते १९६९ या काळात शास्त्रीय संशोधनाच्या विशेष परवान्याखाली ३१६ करडे देवमासे मारण्यात आले. ज्या हिवाळ्यांत गिलमोर प्रवाशांना देवमाशाचा फवारा दाखवीत होते, त्याच हिवाळ्यांत त्याच स्थलांतरातील देवमासे मारले जात होते. रिचमंडचे केंद्र १९७१ मध्ये बंद झाले. अमेरिकेतील देवमाशांच्या व्यापारी शिकारीचे ते शेवटचे केंद्र होय.

मधल्या काळात जनमत वेगाने बदलत होते. १९७० मध्ये हम्पबॅक देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. रॉजर पेन यांच्या पुढाकाराने निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेने सामान्य माणसाला देवमाशाचा आवाज प्रथमच ऐकविला. १९७५ च्या जूनमध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी कॅलिफोर्नियापासून दूर समुद्रात सोव्हिएत शिकारी जहाजांसमोर लहान रबरी बोटी आडव्या घातल्या आणि त्याची चित्रे दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. १९८५-८६ च्या हंगामापासून तो अमलात आला. अशा रीतीने पर्यटन, विज्ञान आणि लोकचळवळ यांनी परस्परांना बळ दिले. केवळ पर्यटनामुळे देवमासे वाचले, असा दावा मात्र करता येणार नाही. करड्या देवमाशाला कायद्याचे संरक्षण दर्शनाच्या आधीच मिळाले होते. दर्शनाने त्या संरक्षणाला जनाधार मिळवून दिला, असे म्हणणे अधिक वस्तुनिष्ठ ठरेल.

अंतराचा नियम :

१९७२ मध्ये अमेरिकेत सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा संमत झाला. या कायद्याने प्राण्याला मारणे किंवा पकडणे यांबरोबरच त्याला त्रास देणे हाही गुन्हा ठरविला. त्रासाची ही कल्पना नवीन होती. शिकारीच्या काळात प्राणी जिवंत आहे की मृत एवढाच प्रश्न होता. आता जिवंत प्राण्याच्या शांततेचाही विचार सुरू झाला. त्यानुसार पुढे मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. बोटीने देवमाशापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर राखावे. समोरून न जाता बाजूने, त्याच्या दिशेला समांतर आणि सावकाश जावे. त्याला चहूबाजूंनी वेढू नये. माता व पिल्लू यांच्या मधे बोट घालू नये. एकाच प्राण्याजवळ अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ थांबू नये, असा त्यांचा आशय आहे.

हे नियम वाचताना स्कॅमनच्या खारकच्छाची आठवण होणे स्वाभाविक आहे. माता आणि पिल्लू यांच्यातील ओढीचा उपयोग त्या शिकाऱ्यांनी मातेला गाठण्यासाठी केला होता. आजचा नियम नेमक्या त्याच जागी बोट नेऊ नये असे सांगतो.

सान इग्नासिओ येथील घटनांनी या चित्रात आणखी एक पैलू जोडला. १९७२ मध्ये तेथील फ्रान्सिस्को मायोराल या मासेमाराच्या लहान बोटीजवळ एक करडा देवमासा आला आणि मायोरालने त्याला हात लावला. ज्या प्राण्याच्या भीतीने मासेमार आपल्या बोटीवर आवाज करून त्याला दूर ठेवीत, तो प्राणी स्वतः होऊन जवळ येऊ लागला. पुढील काळात असे प्रसंग वारंवार घडले आणि हे ठिकाण जगप्रसिद्ध झाले. मेक्सिकोने १९७२ मध्ये ओहो दे लिएब्रे आणि १९७९ मध्ये सान इग्नासिओ देवमाशांसाठी राखीव केले. १९९३ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सान इग्नासिओत प्रचंड मिठागर उभारण्याची योजना पुढे आली तेव्हा तिला देशोदेशींहून विरोध झाला आणि २००० च्या मार्चमध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी ती रद्द केल्याचे जाहीर केले. तेथे परवानाधारक स्थानिक नावाडीच ठरावीक भागात आणि मर्यादित संख्येने बोटी नेतात. येथे देवमासा जवळ येतो तो त्याच्या इच्छेने. बोटीने त्याचा पाठलाग करावयाचा नसतो. जवळीक आणि पाठलाग यांतील हा भेद जलसफरीची निवड करताना निर्णायक ठरतो.

जलसफरीची निवड :

एका जागतिक पाहणीनुसार २००८ मध्ये ११९ देशांत मिळून सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी देवमासा-दर्शनाचा लाभ घेतला आणि त्यातून सुमारे २१० कोटी डॉलरची उलाढाल झाली. एवढ्या मोठ्या व्यवसायात पर्यटकासमोर असंख्य पर्याय असणे ओघानेच आले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुरता विचार केला तरी सॅन डिएगो, डॅना पॉइंट, सांता बार्बरा, मॉन्टेरे अशा अनेक बंदरांतून सफरी निघतात. त्यांतून निवड करताना पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब ऋतूची व बंदराची होय. डिसेंबर ते मे हा काळ करड्या देवमाशाचा. त्यातही पिल्ले पाहावयाची असल्यास एप्रिल-मे अधिक योग्य. निळा देवमासा व हम्पबॅक देवमासा प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत दिसतात. मॉन्टेरे उपसागरात सागरतळावरील खोल घळई थेट किनाऱ्याजवळ येऊन पोहोचते. त्यामुळे खोल पाण्यातील प्राणी तेथे थोड्या अंतरावर आढळतात आणि जवळजवळ वर्षभर सफरी चालतात. १९९२ मध्ये हा उपसागर राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तात्पर्य, कोणता देवमासा पाहावयाचा हे आधी ठरवून मग बंदर व महिना ठरविणे इष्ट होय.

दुसरी बाब बोटीची. मोठी बोट स्थिर असते, तिच्यावर बसण्याची सोय असते आणि बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांना ती सोयीची पडते. लहान बोटीतून दृश्य पाण्याच्या पातळीवरून दिसते, पण वारा, पाणी आणि हेलकावे यांची तयारी ठेवावी लागते. बहुतेक सफरी तीन-चार तासांच्या असतात. सॅन डिएगोहून बाजा कॅलिफोर्नियाच्या जलाशयांपर्यंत जाणाऱ्या अनेक दिवसांच्या सफरीही उपलब्ध असतात. त्यांचा खर्च अर्थातच पुष्कळ अधिक असतो.

तिसरी बाब बोटीवरील माहितीची. प्रशिक्षित निसर्गअभ्यासक सोबत आहे किंवा नाही, तो केवळ गमतीच्या गोष्टी सांगतो की नोंदीही करतो, हे पाहणे अगत्याचे आहे. हम्पबॅक देवमाशाच्या शेपटीखालील खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. प्रवाशांनी टिपलेल्या अशा छायाचित्रांचा उपयोग २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘हॅपीव्हेल’ या उपक्रमात देवमाशांची ओळख पटविण्यासाठी होतो. हब्ज यांच्या छतावरील मोजणीचे हे विस्तारित रूप आहे. अशा सफरीत प्रवासी केवळ प्रेक्षक राहत नाही. तो ज्ञाननिर्मितीत सहभागी होतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब वर्तनाची. जाहिरातीत देवमासा ‘अगदी जवळून’ दाखविण्याचे आश्वासन असेल तर तेच सावधगिरीचे कारण समजावे. देवमासा न दिसल्यास पुन्हा विनामूल्य नेण्याची सवलत अनेक बोटी देतात. ती वाजवी आहे. मात्र दिसण्याचा अट्टहास बोटवाल्याला पाठलागाकडे नेऊ शकतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बोट किती अंतर राखते, एका देवमाशाजवळ किती वेळ थांबते आणि तेथे आधीच इतर बोटी असतील तर काय करते, हे तीन प्रश्न विचारावेत. स्वच्छ उत्तर देणारा बोटवाला निवडणे हे स्वस्त तिकीट निवडण्यापेक्षा अधिक हिताचे आहे. वेगाचा प्रश्नही येथे येतो. २००७ च्या शरद ऋतूत सांता बार्बराच्या परिसरात जहाजांच्या धडकेने निळे देवमासे मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर मोठ्या मालवाहू जहाजांनी वेग दहा नॉटपर्यंत कमी करावा यासाठी ऐच्छिक योजना आखण्यात आल्या. मालवाहू जहाजांना लागू पडणारे तत्त्व पर्यटकांच्या बोटींनाही लागू पडते.

शेवटचा पर्याय बोटीत न बसण्याचा आहे. पॉइंट लोमा, लॉस एंजलिसजवळील पॉइंट व्हिसेंटे, पॉइंट लोबोस या भूशिरांवरून हंगामात करडे देवमासे जाताना दिसतात. पॉइंट व्हिसेंटे येथे १९८४ पासून स्वयंसेवक हंगामभर बसून त्यांची मोजणी करतात. वृद्ध, लहान मुले आणि बोट लागणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी, तसेच ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम होय. देवमासा-दर्शनाचा आरंभ येथूनच झाला होता.

आजची स्थिती :

१९९४ मध्ये पूर्व पॅसिफिकमधील करड्या देवमाशाचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले. संवर्धनाच्या इतिहासातील ही मोठी यशोगाथा मानली गेली. २०१६ च्या सुमारास या देवमाशांची संख्या सुमारे २७,००० होती. परंतु २०१९ पासून किनाऱ्यावर मृत देवमासे मोठ्या संख्येने सापडू लागले. त्यांपैकी अनेक कृश झालेले होते. उत्तरेकडील समुद्रांतील बर्फ व तापमान यांत होत असलेल्या बदलांमुळे त्यांचे अन्न घटले, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. २०२५ च्या गणनेत ही संख्या सुमारे १३,००० असल्याचा अंदाज व्यक्त झाला. म्हणजे दशकभराच्या आत ती निम्म्यावर आली. या वेळी हार्पून कारणीभूत नाही. तथापि, उपाशी प्राण्याला बोट चुकविण्यासाठी खर्च करावी लागणारी शक्ती त्याच्या साठविलेल्या चरबीतूनच जाते. त्यामुळे अंतराच्या नियमाला १९७२ पेक्षा आज अधिक महत्त्व आले आहे.

निष्कर्ष :

१) देवमाशाचे वेळापत्रक, मार्ग आणि टेहळणीच्या जागा यांविषयीचे ज्ञान शिकारी, शास्त्रज्ञ व पर्यटक यांना समानच होते. बदलला तो त्या ज्ञानाचा हेतू.
२) शिकार आणि दर्शन हे एकामागून एक आलेले कालखंड नव्हेत. कॅलिफोर्नियात १९५५ ते १९७१ या काळात ते एकाच समुद्रात सोबत चालू होते.
३) कायद्याचे संरक्षण दर्शनापूर्वीच मिळाले होते. दर्शनाने त्याला जनाधार दिला.
४) देवमाशाच्या जवळ जाण्याची ओढ शिकाऱ्याप्रमाणेच प्रेक्षकातही असते. जलसफरीची निवड करताना भाडे व सोयी यांबरोबर बोटीने राखलेले अंतर हा मुख्य निकष मानावा लागेल.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर, दापोली, तारकर्ली आदी ठिकाणी, डॉल्फिन दाखविणाऱ्या फेऱ्या पर्यटकांच्या परिचयाच्या आहेत. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच आहे. डॉल्फिन दिसला की नावाड्याला बोट आणखी पुढे घेण्याचा आग्रह करणारे प्रवासी येथेही असतात. तो आग्रह न करणे हे त्या प्रवाशाच्याच हाती आहे. मॉन्टेरेच्या पायवाटेवरील मणके जवळ जाण्याच्या ओढीची एक परिणती दाखवितात. भूशिरावर दुर्बीण घेऊन बसलेला स्वयंसेवक दुसरी शक्यता दाखवितो. या दोहोंपैकी कोणत्या परंपरेत आपले नाव घालावयाचे, हे तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला ठरवावे लागते.